सणाची भेट प्रक्षेत्रावरील सहकाऱ्यांपर्यंत पोहोचावी

तंजावर जिल्ह्यातील कावेरीकाठचे तिरुवैयारु संत त्यागराजांच्या समाधीमुळे विख्यात आहे. तेथील ‘अशोका’ हलवाही तितकाच लोकप्रिय. मूगडाळ, साखर व तूप हे त्याचे मुख्य घटक. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात सांबा भाताच्या कापणीपूर्वी सुमारे आठवडाभर उभ्या पिकातच मूग-उडीद फोकून पेरतात आणि जमिनीतील उरलेल्या ओलाव्यावर ते वाढवतात. जानेवारीतील पोंगलला असा हलवा भेट दिल्यास स्थानिक कडधान्यालाच मागणी मिळते.

महाराष्ट्रातील कार्यालयांत मात्र दिवाळीला सुक्या मेव्याचे खोके वाटले जातात आणि तेही बहुधा अधिकाऱ्यांपुरतेच. प्रक्षेत्रावर लावणी, खुरपणी व कापणी करणाऱ्या रोजंदारीवरील स्त्रिया भेटीच्या यादीत क्वचितच असतात. वास्तविक प्रयोगाची प्रत्येक नोंद त्यांच्या श्रमांवर उभी असते. पोळ्याला सालगड्यास नवे कपडे देण्याच्या जुन्या रीतीत ही जाण होती.

म्हणून भेट निवडताना तीन पथ्ये पाळावीत. पदाचा विचार न करता सर्वांना समान भेट द्यावी. ती परिसरातील शेतकरी किंवा महिला बचत गटाकडून घ्यावी. डाळ, तीळ, गूळ यांसारखे टिकाऊ पदार्थ त्यासाठी सोयीचे. आणि थकलेली मजुरी सणापूर्वी चुकती करावी. हक्काचे दाम अडवून दिलेल्या मिठाईला भेट म्हणणे उचित नाही.