मडगार्ड कोणासाठी?

रामाचा रथ जवळ आला की फलटणला थंडीची चाहूल लागते. मार्गशीर्षातल्या प्रतिपदेला रथ निघतो आणि त्याच सुमारास आमच्या रविवारच्या सायकल ग्रुपलाही जाग येते. पावसाळाभर कारणं सांगणारे लोक पहाटे साडेपाचला माकडटोप्या घालून हजर होतात. यंदा मात्र पहिली राईड व्हायच्या आधीच भांडण सुरू झालंय. विषय असा, की थंडीतल्या ग्रुप राईडला मडगार्ड सक्तीचं करावं की नाही?

बाहेरच्या माणसाला हसू येईल. आमच्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. फलटणला त्याचा दहावा हिस्सा पडला तरी लोक खूश असतात. त्यातून थंडीत पाऊस येणार कुठून? १ आणि २ डिसेंबर २०२१ ला आला होता तसा अवकाळी कधीतरी झोडपून जातो, पण ते अपवाद. मग मडगार्ड कशाला?

वर्षभरापूर्वी मीही हेच म्हणत होतो. आज उलट बाजूनं बोलतोय, आणि ते का, हे सांगायला ही पोस्ट. (ताई, वाचत असशील तर आईला यातलं काही सांगू नकोस.)

तर झालं असं. गेल्या जानेवारीतला एक रविवार. आम्ही आठ जण लोणंद रस्त्यानं निघालो आणि महामार्ग सोडून साखरवाडीकडच्या आतल्या रस्त्याला लागलो. मी पुढे होतो. माझ्या हायब्रीड सायकलला दुकानातून आली तेव्हा दोन्ही मडगार्ड होती, मी महिन्याभरात काढून टाकली. कारण खरं सांगायचं तर एकच, मडगार्ड लावलेली सायकल दूधवाल्याची दिसते! माझ्या मागच्या चाकाला चिकटून आमचे सर होते. निवृत्त शिक्षक, वय ६१, जाड भिंगांचा चष्मा. वारा समोरून होता म्हणून मीच त्यांना म्हटलं होतं, "सर, माझ्या मागे या, दम कमी लागेल."

एका वळणावर रस्ता ओला होता. पाऊस नव्हता, दव नव्हतं, उसाला दिलेलं पाणी बांधावरून रस्त्यावर आलं होतं. त्यात ट्रॅक्टरच्या टायरमधून पडलेली माती. वीसेक फुटांचा चिखलपट्टा असेल. मी वेग कमी न करता त्यातून गेलो. मला काहीच झालं नाही, पाठीवर थोडे शिंतोडे. सरांच्या चष्म्याच्या दोन्ही काचा मात्र एकदम भरल्या. त्यांनी पुसायला डावा हात सोडला आणि पुढचं चाक डांबराच्या कडेवरून खाली साईडपट्टीत उतरलं. मला फक्त आवाज ऐकू आला.

कॉलरबोन मोडलं. ते सहा आठवड्यांत जुळतं, जुळलंही. पण सरांना उठवून कडेला बसवतोय न बसवतोय, तोवर त्याच वळणावरून दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर आला. ड्रायव्हरनं लांबून पाहिलं म्हणून थांबला. भरलेल्या दोन ट्रॉल्या काही सायकलसारख्या जागेवर थांबत नाहीत. त्या दिवसापासून मी ते वळण मनात किती वेळा घेतलंय ते मलाच माहीत.

सर एका शब्दानं मला बोलले नाहीत. "अरे, रस्ता ओला होता," एवढंच. ग्रुपमध्येही सगळे रस्त्याला, शेतकऱ्याला, ट्रॅक्टरवाल्यांना बोलले. मडगार्डचं नाव कुणी काढलं नाही. मीही नाही. हे लिहायला दहा महिने लागले ते त्यामुळेच.

आता मुद्द्यावर येतो.

पहिली गोष्ट म्हणजे आपल्याकडे थंडीत रस्ता कोरडा असतो हा समजच चुकीचा आहे, निदान फलटणपुरता तरी. वीर धरणातून नीरा उजव्या कालव्याला आवर्तन सुटलं की रब्बीच्या पिकांना पाणी चालू होतं. विहिरी-बोअरवाल्यांना शेतीची वीज रात्रीच्या पाळीला मिळाली, की शेतकरी रात्री मोटर चालू करतो. बिचारा किती वेळ जागेल? पहाटेपर्यंत सरी भरून पाणी बांधाबाहेर येतं, आणि नेमके पहाटेच आपण सायकली घेऊन निघालेलो असतो. त्यात नोव्हेंबर ते मार्च ऊसतोडीचे दिवस. ओल्या फडातून निघालेला ट्रॅक्टर पहिले शंभरेक मीटर टायरमधली काळी माती रस्त्यावर सांडत जातो. म्हणजे पुण्या-मुंबईचे लोक चिखल जुलैत बघतात, आम्ही जानेवारीत. बरं, जुलैत आपण चिखल धरूनच चालतो. जानेवारीत तो गाफील असताना गाठतो.

दुसरी गोष्ट, मडगार्ड नेमकं काय करतं? मला आधी वाटायचं, माझी पाठ स्वच्छ ठेवतं. अर्धंच खरं आहे. चाकावरून पाणी सुटतं ते चाकाला स्पर्शरेषेत, म्हणजे टायर त्या जागी ज्या दिशेनं चाललाय त्या दिशेनं. मागच्या चाकाच्या वरच्या भागातून सुटलेले थेंब वर आणि पुढे जातात, म्हणजे आपल्या पाठीवर. खालच्या भागातून सुटलेले मागे आणि वर जातात. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ ७ मीटर. त्याच वेगानं थेंब सुटतो. टायरवर जमिनीपासून साधारण १० सेंटिमीटर उंचीवरून सुटलेला थेंब ४५ अंशात मागे जातो, आणि हवेचा अडथळा सोडला तर ५ मीटर लांब जाऊन पडू शकतो. त्याच्या थोड्या वरून सुटलेला थेंब दोन मीटर मागे दीड मीटर उंचीवर असतो. सायकलवर बसलेल्या माणसाचं तोंड साधारण तिथंच असतं! हे गणित मी सरांच्या प्लास्टरकडे बघत वहीवर मांडलं. शाळेत असताना मांडलं असतं तर मार्क तरी मिळाले असते.

यातून निघतं ते असं. हल्ली सीटच्या खाली खोचायचा तो छोटा प्लास्टिकचा तुकडा मिळतो ना, तो फक्त माझी पाठ वाचवतो. मागच्याला त्याचा शून्य उपयोग. मागच्याचे डोळे वाचवते ती खालची शेपटी, जमिनीपासून चार बोटांवर येणारी रबरी पट्टी. वरचा भाग आपल्यासाठी, खालचा मागच्यासाठी. माझ्या वडिलांच्या काळ्या ॲटलसला हे दोन्ही होतं. पूर्ण मडगार्ड, त्याच्या टोकाला पांढरा रंग, त्यावर लाल रिफ्लेक्टर. त्या सायकलचा शेवटचा हात मागून येणाऱ्याचा विचार करून दिलेला होता. आणि आम्ही स्पोर्टी दिसायचं म्हणून पहिलं तेच काढलं.

विलायतेत बऱ्याच सायकल क्लबांत हिवाळ्यातल्या ग्रुप राईडला मडगार्ड लावून येण्याचा दंडक असतो. तिथला हिवाळा ओला, म्हणून त्यांचा नियम. आपण त्यांची हेल्मेटं घेतली, घट्ट कपडे घेतले, एकामागे एक चिकटून जायची पद्धत घेतली. त्या पद्धतीसोबत येणारी जबाबदारी तेवढी तिकडेच राहिली. एकटा जाणाऱ्यानं मडगार्ड लावावं की नाही हा त्याचा प्रश्न. पण दुसऱ्याला "माझ्या मागे या" म्हणायचं असेल तर तो माझा एकट्याचा प्रश्न राहत नाही.

आता विरोधी पक्ष. आमच्या ग्रुपमध्ये तो भक्कम आहे, आणि त्यांचं सगळंच चूक आहे असं मी म्हणणार नाही.

एक म्हणतो, खडखडतं. खडखडतं, कारण स्क्रू ढिले असतात. वॉशर घाल. वजन वाढतं म्हणणाऱ्याबद्दल काय बोलावं? राईड संपल्यावर तो तीन प्लेट वडा-सांबार खातो.

पण काळ्या मातीचा मुद्दा खरा आहे. ताथवड्याकडे संतोषगडाच्या बाजूला जाताना आम्ही कधी शेतातल्या वाटांनी घुसतो. तिथं ओली काळी माती टायर आणि मडगार्डच्या मध्ये अशी घट्ट बसते की चाकच फिरेनासं होतं. पुढच्या चिमट्यात हे झालं तर माणूस हँडलवरून पुढे जाईल. आमच्याकडचे शेतकरी पुढचं मडगार्ड काढून टाकतात ते हौसेनं नाही. म्हणून पुढच्या मडगार्डची सक्ती मला मान्य नाही. तसंही पुढचं मडगार्ड वाचवतं ते मुख्यतः आपलेच पाय आणि आपलीच चेन. ते ज्याचं त्यानं ठरवावं.

दुसरा खरा मुद्दा रोडबाईकवाल्यांचा. त्यांच्या फ्रेमला मडगार्डच्या तारा अडकवायला भोकंच नसतात, आणि टायर-फ्रेममध्ये बोटभर फटही नसते. लाखाची सायकल घेतलेल्याला "तू येऊ नकोस" म्हणणं बरोबर नाही. मग असे लोक सगळ्यात मागे राहू देत, हा एक तोडगा पुढे आला. पण आमच्याकडे वारा कापणारे दमदार गडी तेच आहेत. ते मागे गेले तर सरांसारख्यांनी वाऱ्याला तोंड द्यायचं का? हे मला बरेच दिवस सुटत नव्हतं. आता मला वाटतं, कोरड्या रस्त्यावर त्यांनी खुशाल पुढे राहावं. ओला पट्टा दिसला की पुढच्यानं हात खाली करून "पाणी!" म्हणून ओरडायचं, वेग कमी करायचा, आणि बिनमडगार्डवाल्याच्या मागे तीन सायकलींचं अंतर सोडायचं. पाच मीटरचं गणित वर दिलंच आहे. हे पट्टीइतकं भरवशाचं नाही, पहाटेच्या अंधारात पाणी दर वेळी दिसतंच असं नाही. म्हणून ज्याला पट्टी लावता येते त्यानं ती लावावीच.

तेव्हा माझं मत एवढंच. नोव्हेंबर ते मार्च ग्रुपमध्ये यायचं तर मागच्या चाकाला खालपर्यंत येणारी पट्टी हवी. ज्याच्या सायकलला लागतच नाही त्यानं ओल्या पट्ट्यात अंतर ठेवावं. पुढच्या मडगार्डबद्दल कुणी कुणाला बोलू नये. आणि सक्ती हा शब्द नको असेल तर नका वापरू. जेवायला बसताना हात धुवायची सक्ती कुठे असते?

सर मार्चमध्ये परत आले. मी मागचं मडगार्ड माळ्यावरून काढून लावलं आणि त्याला जुन्या मोटारसायकलच्या ट्यूबचा तुकडा दोन बोल्टनं जोडला. खर्च जवळपास शून्य. सरांनी वाकून बघितलं, बोटानं पट्टी हलवून पाहिली आणि म्हणाले, "थोडी तिरकी बसलीय." पाना मागून घेतला आणि स्वतःच सरळ केली. मग माझ्या मागे लागले. त्या दिवशी रस्ता कोरडा ठणठणीत होता. तरी चांदोबाच्या लिंबापर्यंत मी सारखा मागे वळून बघत होतो.

ग्रुपवाल्यांनो, ट्यूबचे तुकडे कापून ठेवलेत, पंच आहे, बोल्टही आहेत. शनिवारी संध्याकाळी सायकल घेऊन घरी या, दहा मिनिटांचं काम आहे. चहा आमच्याकडून. आणि बाहेरगावच्या वाचकांनो, सांगली-कोल्हापूरकडेही ऊस आणि रस्त्यावरचं पाणी हेच आहे, तुमच्याकडे काय करता ते जरूर कळवा.