भटकभवानीचा एक दिवस

एका प्रशिक्षणासाठी मी काठमांडूला गेले होते. पासपोर्ट नव्हता, पण नेपाळला जायला आपल्याला मतदार ओळखपत्र चालते. शिबिर संपले. दुसऱ्या दिवशी पहाटे पोखऱ्याच्या बसने पुढे निघायचे होते. मधला अख्खा दिवस माझा. सकाळीच मी वही काढून यादी केली: सासूबाईंना रुद्राक्षाची माळ, नणंदेला मण्यांची पोत, मुलांना टोप्या. मग लक्षात आले, परक्या शहरातला एकुलता एक मोकळा दिवसही मी घरच्यांत वाटून टाकला होता.

यादी पिशवीत कोंबली आणि पाटणला जाणाऱ्या सफा टेम्पोत बसले. बॅटरीवर चालणारी ही तीनचाकी १९९० नंतरच्या दशकात तिथे आली. ती चालवणाऱ्यांत बायका पुष्कळ आहेत. आमची चालकही बाईच होती. पाटणच्या दरबार चौकातली काही देवळे २०१५च्या भूकंपात कोसळली होती. तिथल्या एका देवळाच्या पायरीवर मी दोन तास नुसती बसले. पहिला अर्धा तास धाकधूक होती. ‘इथे काय करताय?’ असे कुणी विचारले तर काय सांगायचे? कुणीच विचारले नाही.

आमच्या कुर्डुवाडी जंक्शनवर मी लहानपणापासून एक दृश्य पाहते आहे. पंढरपूरची गाडी यायला अवकाश असतो. पुरुष पाय मोकळे करायला, चहा घ्यायला बाहेर पडतात. बायका बोचक्यांवर हात ठेवून फलाटावर बसून राहतात. बाहेरचे गाव त्यांनी पाहिलेलेच नसते. पुरुष हिंडला तर त्याला चार गावचे पाणी प्यालेला म्हणतात. बाई हिंडली की ती भटकभवानी!

पंडिता रमाबाई १८८६ साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला गेल्या, तिथे दोन वर्षांहून अधिक काळ हिंडल्या, आणि १८८९ साली त्या देशाविषयी मराठीत पुस्तक लिहिले. त्यांचे हिंडणे आपल्या ज्ञानात जमा झाले.

‘शेतमजूर बाईला कसली आलीय परदेशवारी?’ असे कुणी म्हणेल. खरे आहे. पण तिला मुंबई तरी कुठे पाहायला मिळते? आम्हीच तिला मोर्चाला नेतो, दिवसभर आझाद मैदानावर बसवतो आणि रात्रीच्या गाडीने परत आणतो. ‘समुद्र पाहिलात का?’ विचारले की बायका हसतात. समुद्र तिथून चालत जाण्याइतका जवळ असतो! आम्हा कार्यकर्त्यांना हे कधी सुचले नाही, कारण बाईने घराबाहेर पडायचे ते कामासाठीच, हे आम्हीही मनोमन मानतो.

मैत्रिणींनो, शिबिराच्या किंवा मोर्चाच्या खर्चात यापुढे एक जादा दुपार धरू या. कार्यक्रम नको, खरेदीची यादी नको. दोघी-तिघींनी मिळून निघावे, वाट चुकावी, विचारत परत यावे. परतल्यावर घरी ‘काय आणलेस?’ असे विचारतील. तेव्हा काय पाहिले, ते सांगावे.