पदवीचा जामीन कोण?



आपल्या घरातील मुलगी तालुक्याच्या महाविद्यालयात नाव घालते, तीन वर्षांनी पदवीचा कागद घरी येतो आणि त्यास काच लावून तो भिंतीवर टांगला जातो. त्या कागदावर विद्यापीठाचे नाव असते, विद्यापीठाची मुद्रा असते, कुलगुरूंची सही असते. ज्या वर्गांत तिने ती तीन वर्षे काढली, त्या वर्गांच्या मालकाची, म्हणजे संस्थाचालकाची, सही त्यावर नसते. शिकविणारा एक आणि शिकविल्याची ग्वाही देणारा दुसरा, असा हा व्यवहार आहे. कायद्याच्या भाषेत बोलावयाचे तर विद्यापीठ हे महाविद्यालयाचे जामीनदार आहे. १८७२ च्या करार कायद्यात जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच मानलेली आहे. तो कायदा विद्यापीठास जसाच्या तसा लागू पडतो असे मी म्हणत नाही. परंतु ज्याने आपले नाव दुसऱ्याच्या कागदावर घातले त्याने त्याचे खाते दरवर्षी उघडून पाहावे, एवढी अपेक्षा करावयास कोणत्याही कलमाची गरज नाही.

ही रचना आजची नव्हे. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील विद्यापीठे १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघाली ती परीक्षा घेणारी मंडळे म्हणून. शिकविणे महाविद्यालयांनी, पारखणे विद्यापीठाने, अशी वाटणी झाली. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी समिती बसली, तेव्हा तिच्यापुढील लेखी निवेदनात बाबासाहेबांनी अध्यापन करणाऱ्या विद्यापीठाचा पुरस्कार केला होता. तथापि संलग्न महाविद्यालय ही गोष्ट मुळातच वाईट, असा अर्थ त्यातून काढू नये. बाबासाहेबांनी १९४६ साली काढलेले सिद्धार्थ महाविद्यालयही मुंबई विद्यापीठाशी संलग्नच होते, आणि नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग भरवून त्याने ज्यांना दार उघडले त्यांना दुसरे कोणी उभेही केले नसते. दोष संलग्नतेत नाही. दोष आहे तो एकदा संलग्नता दिल्यावर पाठ फिरविण्यात.

१९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित महाविद्यालयांचे युग सुरू झाले आणि जामीनदाराच्या खात्यावरील नावे वाढत गेली. आज देखरेखीचे मार्ग साधारण तीन आहेत. पहिला, नवा अभ्यासक्रम सुरू करताना किंवा संलग्नता पुढे चालू ठेवताना विद्यापीठाने पाठविलेल्या समितीची भेट. दुसरा, १९९४ साली स्थापन झालेल्या नॅक या परिषदेचे मूल्यांकन. तिसरा, महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाने दरवर्षी तयार करावयाचा वार्षिक अहवाल. पहिल्या दोहोंविषयी बोलणे खूप होते. नॅकची श्रेणी मिळाली की प्रवेशद्वारावर फलक लागतो, पेढे वाटले जातात. तिसऱ्याविषयी मात्र कोणी अवाक्षर काढीत नाही. माझा आग्रह असा की, आपल्या समाजाच्या दृष्टीने या तिहींत महत्त्वाचा तो तिसराच.

याचे कारण साध्या अंकगणितात आहे. नॅकच्या आजवरच्या पद्धतीत श्रेणीची मुदत सामान्यतः पाच वर्षांची. पदवीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, नव्या धोरणाप्रमाणे फार तर चार वर्षांचा. तपासणी पथक येऊन गेल्यानंतरच्या जून महिन्यात ज्या मुलाने प्रवेश घेतला, तो पुढचे पथक येण्यापूर्वीच पदवी घेऊन बाहेर पडलेला असतो. त्याच्या संपूर्ण विद्यार्थिदशेत बाहेरच्या कोणाही माणसाने त्याच्या वर्गात डोकावलेले नसते. त्याच्या काळात, त्याच्या वर्गाविषयी, त्याचे नुकसान अजून भरून निघण्याजोगे असताना लिहिला जाणारा कागद एकच, आणि तो म्हणजे वार्षिक अहवाल. ज्याचा काका विद्यापीठात प्राध्यापक आहे त्यास या कागदाची गरज नाही. कोणत्या महाविद्यालयात तास होतात आणि कोठे केवळ हजेरीपट भरले जातात, हे त्याच्या घरी जेवताना बोलले जाते. ज्याच्या घरातून पहिल्यानेच कोणी महाविद्यालयाची पायरी चढते आहे त्याला हे सांगणारा कोणी नाही. त्याच्यासाठी तो कागदच काका होय.

आता त्या कागदाचे आज काय होते ते पाहू. सात निकषांखाली माहिती भरावयाची असते: अभ्यासक्रम, अध्यापन व मूल्यमापन, संशोधन व विस्तारकार्य, इमारत व ग्रंथालयादी साधने, विद्यार्थ्यांस साहाय्य, प्रशासन, आणि मूल्ये व उत्तम उपक्रम. निकष वाईट नाहीत. परंतु हा हिशेब संपूर्ण महाविद्यालयाचा होतो, एकेका पदवीचा नव्हे. ज्या महाविद्यालयात कला शाखेस जुने, पूर्णवेळ, अनुभवी प्राध्यापक आहेत आणि त्याच आवारात कालपरवा उघडलेल्या विनाअनुदानित संगणक शाखेस तासिका तत्त्वावरील दोन तरुण आहेत, तेही दिवाळीनंतर सोडून जाणारे, त्या महाविद्यालयाची सरासरी चांगली निघते. मुलगा सरासरीत शिकत नाही. तो त्या संगणक शाखेत शिकतो, जेथे शुल्क सर्वांत जास्त आणि शिक्षक सर्वांत कमी. म्हणून प्रत्येक पदवी अभ्यासक्रमाचा हिशेब स्वतंत्र मांडला पाहिजे: किती जण आले, दुसऱ्या वर्षास किती उरले, जे गळाले ते का गळाले, किती तास ठरले व किती झाले, निकाल काय लागला. गळतीचा आकडा जातिनिहाय मांडला तर अनेक उज्ज्वल अहवालांचा रंग उतरेल, याविषयी मला शंका नाही.

मी ज्या विधी महाविद्यालयात शिकलो तेथील एक प्रसंग सांगतो. विद्यापीठाची समिती येणार होती. वर्षभर कुलूप असलेली निवाडासंग्रहांची कपाटे त्या दिवशी उघडली, धूळ झटकली गेली, आम्हा विद्यार्थ्यांना पांढरा सदरा घालून ग्रंथालयात वाचीत बसण्याची सूचना मिळाली. समितीने चहा घेतला, कपाटांकडे पाहिले, समाधान व्यक्त केले. ग्रंथपाल गृहस्थ प्रामाणिक होते; दुसऱ्या दिवशी कुलूप लावताना ते आमच्याकडे पाहीनात. समितीतील सदस्य अप्रामाणिक होते असे मी म्हणणार नाही. जे त्यांना दाखविले गेले ते त्यांनी पाहिले. आधीच्या वर्षाचा अहवाल हाती घेऊन, ‘निवाडासंग्रह विद्यार्थ्यांस उपलब्ध आहेत असे येथे लिहिले आहे, देवघेवीची वही दाखवा,’ एवढे एक वाक्य कोणी उच्चारले असते तर पुरे होते.

आणि पथकांचा प्रामाणिकपणाही गृहीत धरता येत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत नॅकच्या एका तपासणी पथकातील सदस्यांना लाचखोरीच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने अटक केली, हे आपण वृत्तपत्रांत वाचलेच असेल. आरोप सिद्ध होणे न होणे न्यायालयाच्या हाती. परंतु पाच वर्षांत एकदा येणाऱ्या चार पाहुण्यांवर सारा भार टाकला म्हणजे त्या पाहुण्यांची किंमत किती वाढते, हे त्यावरून ध्यानात यावे. श्रेणींऐवजी ‘अधिस्वीकृत’ किंवा ‘अधिस्वीकृत नाही’ एवढाच निवाडा देण्याची घोषणा २०२४ साली झाली. तसे झाले तर फलकावरून कळणारी माहिती आणखी कमी होईल आणि वार्षिक कागदाचे मोल आणखी वाढेल.

दोष वेळीच हेरला नाही तर तो शेवटी कोणाच्या माथी बसतो? येथे वकील या नात्याने मला स्पष्ट बोलणे भाग आहे. १९९२ साली महाराष्ट्रातील मान्यता नसलेल्या अध्यापक विद्यालयातील विद्यार्थ्यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. उच्च न्यायालयाने त्यांना परीक्षेस बसू द्यावे म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. ३ नोव्हेंबर २०१७ चा निकाल याहून मोठा. चार अभिमत विद्यापीठांनी आवश्यक मान्यता नसता दूरशिक्षणाने अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या होत्या. २००१ ते २००५ या काळातील प्रवेशांच्या पदव्या न्यायालयाने निलंबित करून विद्यार्थ्यांना पुन्हा परीक्षा द्यावयास सांगितले. त्यानंतरच्या प्रवेशांच्या पदव्या रद्द ठरविल्या. शुल्क परत करण्याचा आणि अधिकाऱ्यांच्या वर्तनाची चौकशी करण्याचाही आदेश झाला, हे खरे. परंतु ज्याने त्या पदवीवर नोकरी धरली, कर्ज काढले, बहिणीचे लग्न लावले, त्याचे वय कोण परत करणार? दहा वर्षे देखरेखीचे कागद इकडून तिकडे फिरत राहिले आणि निकाल लागला तो पदवीधराच्या विरुद्ध. ग्राहक न्यायालयात जावे म्हटले तर २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठाच्या संदर्भात विद्यार्थी हा ग्राहक नव्हे असे म्हटलेले आहे. तो प्रश्न पुढे पुन्हा न्यायालयापुढे गेला, पण त्याच्या भरवशावर कोणी प्रवेश घेऊ नये.

हे आपल्याकडेच होते असे नाही. ब्रिटनमधील वेल्स विद्यापीठ १८९३ साली सनद मिळालेले, प्रतिष्ठित. त्याने जगभरातील खासगी संस्थांना आपली पदवी देण्याचा अधिकार वाटला. २०११ साली बीबीसीने त्यांपैकी काही संस्थांचे वास्तव उघड केले, गुणवत्तेवर लक्ष ठेवणाऱ्या तेथील संस्थेनेही ताशेरे ओढले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात बाहेरच्या संस्थांच्या अभ्यासक्रमांना मान्यता देण्याचे काम बंद करण्याचा निर्णय त्या विद्यापीठास घ्यावा लागला. त्याच देशात एक चांगली रीतही आहे. बाहेरच्या विद्यापीठातील परीक्षक दरवर्षी प्रत्येक अभ्यासक्रमाविषयी लेखी अभिप्राय देतो आणि विद्यापीठाने त्यास लेखी उत्तर द्यावयाचे असते. उत्तर देणे भाग पडते, यातच त्या रीतीचे सारे बळ आहे. आपल्या अहवालांना कोणी उत्तर देत नाही. गेल्या वर्षी दाखविलेली उणीव, तिच्यावर केलेला उपाय आणि त्यावर विद्यापीठाचा शेरा, हे प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर आले पाहिजे. उत्तम उपक्रमांची छायाचित्रे शेवटी आली तरी चालतील.

यावर आपल्यापैकीच काही जण एक आक्षेप घेतात, आणि तो उपेक्षेने झटकण्याजोगा नाही. ते म्हणतात, कडक तपासणी केली तर बंद पडतील ती खेड्यापाड्यांतील, आपली मुले जातात ती महाविद्यालये. शहरांतील मातब्बर संस्था तरून जातील. तालुक्याचे महाविद्यालय बंद झाले तर मुलगा एखादे वेळी वसतिगृह शोधील, मुलीचे शिक्षण मात्र तेथेच थांबेल. ही भीती खरी आहे. परंतु महाविद्यालये बंद पडतात ती वर्षानुवर्षे न पाहिलेल्या दोषांचा ढीग एकदम उघडा पडल्यामुळे. पहिल्याच वर्षी ‘या अभ्यासक्रमास शिक्षक नाही, पुढील प्रवेशापूर्वी नेमा, तोवर शेजारच्या महाविद्यालयातून तास घ्या’ असे विद्यापीठाने बजावले तर महाविद्यालय जगते आणि मुलगीही शिकते. वार्षिक तपासणी ही दुबळ्या महाविद्यालयास औषध आहे. पाच वर्षांनी एकदम येणारी शस्त्रक्रियाच त्यास झेपत नाही. शिवाय दुबळे महाविद्यालय आपल्या मुलांसाठी पुरे आहे, हा विचार मला अपमानास्पद वाटतो.

महाराष्ट्राच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने प्रत्येक महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती ठेवली आहे. तीत विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्षास जागा आहे, समाजसेवेच्या क्षेत्रातील स्थानिक व्यक्तीस जागा आहे, माजी विद्यार्थ्यासही आहे. या जागांवर कोण बसले आहे, हे आपल्या गावच्या कोणत्या विहारात कधी विचारले गेले काय? विद्यार्थी परिषद स्थापनच झाली नसेल तर ती खुर्ची रिकामी राहते आणि अहवाल प्राचार्य व संस्थाचालक यांच्या सोयीने लिहिला जातो. आपल्यात निवृत्त शिक्षक आहेत, पदवीधर आहेत, वकील आहेत. त्यांनी त्या जागा मागाव्यात.

तूर्त येत्या प्रवेशापूर्वी प्रत्येक कुटुंबास करता येण्याजोगे काम थोडे आहे. महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर वार्षिक अहवाल असावा लागतो. तो कोणत्या वर्षाचा आहे ते पाहा. हव्या त्या अभ्यासक्रमाचे, चालू वर्षाचे संलग्नतेचे पत्र प्राचार्यांकडे मागा. महाविद्यालयाचे नव्हे, अभ्यासक्रमाचे. अहवालातील शिक्षकांची नावे वेळापत्रकाशी ताडून पाहा. पत्र दाखविण्यास टाळाटाळ झाली तर विद्यापीठाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करा आणि संलग्नतेच्या पत्राबरोबर शेवटच्या तपासणी समितीचा अहवाल व त्यावर विद्यापीठाने केलेली कार्यवाही यांच्या प्रती मागा. अर्ज साध्या कागदावर मराठीत लिहिला तरी चालतो. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास तेही नाही, आणि उत्तराची मुदत ३० दिवस. म्हणजे जूनमध्ये प्रवेश घ्यावयाचा असेल तर अर्ज एप्रिलमध्येच गेला पाहिजे.