मालाची माती, नावाचे सोने



2016 सालच्या एप्रिलअखेर बँकांनी एक लिलाव पुकारला. लिलावात जमीन नव्हती, ट्रॅक्टर नव्हता, विहिरीवरची मोटारही नव्हती. विकायला काढले होते एक नाव. विजय मल्ल्या यांच्या किंगफिशर एअरलाइन्सचे नाव, त्यावरचे पक्ष्याचे चित्र आणि जाहिरातीतली चार-सहा वाक्ये. बोली 366 कोटी 70 लाखांपासून सुरू व्हायची होती. एकही बोली आली नाही. विमाने 2012 च्या ऑक्टोबरातच जमिनीवर बसली होती. न उडणाऱ्या विमानाचे नाव घेऊन कोण काय करणार?

हे नाव बँकांकडे आले कसे? कंपनीने ते तारण ठेवले होते. एका नामांकित हिशेबी पेढीने त्या नावाची किंमत तीन हजार कोटींच्या वर काढून दिली होती. सतरा बँकांच्या कर्जाला जी तारणे होती त्यांत हे एक मोठे तारण. आपल्याला लाखभर रुपयांचे पीककर्ज काढायचे तर सातबारा आणा, आठ-अ आणा, सोसायटीचा बेबाकी दाखला आणा, तलाठ्याच्या दारी चार खेटे घाला. इंडियात नावावर कर्ज मिळते, भारतात सातबाऱ्यावर. आणि सातबाऱ्यावर एकदा बोजा चढला की तो नातवापर्यंत उतरत नाही.

पण "त्यांना दिले, आम्हाला का नाही" हे रडगाणे गाण्यासाठी हा लेख नाही. नाव ही मालमत्ता आहे, तिचे मोल मोजता येते, ती भाड्याने देता येते, विकता येते, हे शास्त्र कारखानदारांनी शिकून घेतले आहे. आपण ते शिकलो नाही. आपला कापूस, आपली ज्वारी बिननावाची बाजारात जाते, आणि नावाचा पैसा दुसऱ्याच्या गल्ल्यात पडतो. म्हणून हे शास्त्र काय आहे ते आधी समजून घेतले पाहिजे.

नाव मोजतात कसे?

समजा, एकाच गिरणीच्या एकाच थानातून दोन सदरे शिवले. एक आठवडी बाजारात 500 रुपयांना गेला. दुसऱ्यावर मोठ्या मार्क्याची चिठ्ठी लागली, तो शहरातल्या काचेच्या दुकानात 1500 रुपयांना गेला. एका सदऱ्याला साधारण किलोभर कापूस लागतो. क्विंटलला 7000 रुपये भाव धरला तर दोन्ही सदऱ्यांत कापूस 70 रुपयांचाच. वरचे हजार रुपये चिठ्ठीचे. त्यातून जाहिरात, दुकानाचे भाडे, नोकरांचे पगार जातात हे खरे. सगळे जाऊन जे उरते ते नावाचे उत्पन्न.

या उत्पन्नावरून नावाची किंमत काढण्याच्या तीन रीती आहेत. पहिली खर्चाची. नाव उभे करायला आजवर किती पैसा गेला ते मोजायचे. ही रीत कच्ची. खर्च केला म्हणून मोल येत नाही, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक? दुसरी बाजाराची. तसलेच नाव नुकते कितीला विकले गेले ते पाहायचे. पण नावांचे सौदे बैलबाजारासारखे दर आठवड्याला भरत नाहीत, म्हणून ही रीत क्वचित चालते. तिसरी रीत भाड्याची. हिचा वापर फार होतो आणि ती आपल्याला चटकन समजेल, कारण मक्त्याने दिलेल्या शेताचा हिशेब आपण असाच करतो.

कंपनी वर्षाला 100 कोटींचा माल विकते. नाव तिचे स्वतःचे नसते तर नावाच्या मालकाला तिला भाडे द्यावे लागले असते. ते विक्रीच्या पाच टक्के धरा. म्हणजे वर्षाला 5 कोटी वाचले. आता साडेबारा टक्के व्याजाने किती रक्कम ठेवली म्हणजे वर्षाला 5 कोटी मिळतील? 40 कोटी. झाली नावाची किंमत 40 कोटी. खऱ्या हिशेबात कर वजा करतात, पुढच्या वर्षांची वाढ धरतात, पण गाभा एवढाच.

आता यातली मेख पाहा. भाडे पाच टक्क्यांऐवजी सात टक्के धरले की तेच नाव 56 कोटींचे होते. सोबत व्याज साडेबाराऐवजी दहा टक्के धरले की 70 कोटींचे. नाव तेच, माल तोच, गिऱ्हाईक तेच. पेन्सिल फिरली आणि किंमत पावणेदोनपट झाली. आपल्या शेताची किंमत ठरवायची असली की बँकेचा साहेब चुना-दोरी घेऊन बांधावर येतो. नावाला बांध नाही.

घरची कालवड आणि बाजारची कालवड

नावाचे मोल ही गोष्ट जगाच्या नजरेत भरली ती 1988 साली. त्या वर्षी स्वित्झर्लंडच्या नेस्ले कंपनीने इंग्लंडची राउंट्री ही चॉकलेटची कंपनी सुमारे अडीच अब्ज पौंडांना घेतली. राउंट्रीचे कारखाने आणि यंत्रे यांची वहीतली किंमत याच्या जवळपासही नव्हती. नेस्लेने पैसा मोजला तो किटकॅट आणि पोलो या नावांसाठी. त्याच वर्षी रँक होव्हिस मॅकडूगल ही पावाची इंग्रज कंपनी दुसरी एक कंपनी गिळू पाहत होती. आपण स्वस्तात जाऊ नये म्हणून तिने आपल्या सगळ्या नावांची किंमत काढवली आणि 678 दशलक्ष पौंड म्हणून ताळेबंदात लिहून टाकली. पाव भाजणाऱ्याने दाखवून दिले की भट्टीपेक्षा नाव महाग.

नंतर हिशेबाचे नियम कडक झाले. आज आपल्या देशातही नियम असा आहे की कंपनीने स्वतः वाढवलेले नाव ताळेबंदात दाखवता येत नाही. विकत घेतलेले नाव दाखवता येते. म्हणजे घरी जन्मलेली कालवड वहीत नाही, बाजारातून आणलेली वहीत आहे. पण वहीत नसली तरी ती दूध देतेच. तिचे मोल काढून घेऊन कंपन्या कर्ज काढतात, भागीदार आणतात, विकतात.

आपल्या देशातला मोठा सौदा 1993 चा. कोका-कोलाने पार्लेकडून थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, माझा ही नावे घेतली. 2021 साली एकट्या थम्स अपची विक्री एक अब्ज डॉलरच्या पुढे गेल्याचे कंपनीने जाहीर केले. साखरेचे पाणी कोणीही करील. गिऱ्हाईक हात पुढे करते ते नावाकडे.

नावाचे भाडे हाही मोठा धंदा आहे. टाटा हे नाव लावणाऱ्या कंपन्या त्या नावापोटी टाटा सन्सला आपल्या उलाढालीचा ठरलेला हिस्सा देतात. परदेशी कंपन्यांच्या इथल्या शाखा आपल्या मायकंपन्यांना रॉयल्टी धाडतात. नुसत्या नावापोटी आपोआप धाडता येणाऱ्या रॉयल्टीवर सरकारची मर्यादा होती: देशातल्या विक्रीवर एक टक्का, निर्यातीवर दोन टक्के. 2009 च्या डिसेंबरात केंद्र सरकारने ती काढून टाकली. 2013 साली हिंदुस्थान युनिलिव्हरने तंत्रज्ञान, नावे आणि सेवा यांपोटीची रॉयल्टी विक्रीच्या 1.4 टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने 3.15 टक्क्यांपर्यंत नेण्याचे ठरवले.

मर्यादा काढली याबद्दल आमची तक्रार नाही. ज्याची वस्तू त्याने तिचा भाव ठरवावा, हेच तर आपण वर्षानुवर्षे रस्त्यावर बसून सांगत आलो. आमची तक्रार दुसरी आहे. नावाच्या भावाला मोकळीक देणाऱ्या त्याच सरकारने 2010 साली आणि पुन्हा 2012 च्या मार्चमध्ये कापसाच्या निर्यातीला दोर बांधला. 2025 च्या ऑगस्टात दुसऱ्या सरकारने नवा कापूस तोंडावर आला असताना आयातशुल्क माफ केले आणि मग ती माफी वर्षअखेरपर्यंत वाढवली. सरकारे बदलली, नीती तीच. नाव विकणाऱ्याला खुला बाजार, माल विकणाऱ्याला बांधलेला.

आपले नाव गेले कुठे?

आपल्या कापसाला नाव नव्हते असे कोणी समजू नये. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडात लिव्हरपूलच्या बाजारात कापसाचे भाव फुटत, त्यात हिंगणघाट हे नाव असे. वर्धा खोऱ्यातला तो कापूस देशी कापसांत उत्तम मानला जाई. अमरावतीच्या नावावरून वऱ्हाडच्या कापसाला तिकडे 'ऊमरा' म्हणत. आपल्या आज्या-पणज्यांनी पिकवलेला माल सातासमुद्रापार गावाच्या नावाने ओळखला जात होता.

ते नाव बुडाले कसे? व्यापाराने कापसात कापूस मिसळला. लांब धाग्याच्या मालात आखूड धाग्याचा घातला, पाणी मारले, सरकी आणि माती राहू दिली. मुंबई सरकारला 1863 साली कापसातल्या लबाडीविरुद्ध कायदा करावा लागला होता, यावरून रोग किती जुना ते समजा. 'ऊमरा' म्हणजे कुठला तरी मिसळलेला माल, असा अर्थ होऊन बसला. स्वातंत्र्यानंतर 1972 पासून महाराष्ट्रात एकाधिकार खरेदी आली. गावोगावचा कापूस एका ढिगात, एका सरकारी प्रतीत. चांगला वेचणारा आणि कचऱ्यासकट ओरबाडणारा, दोघांची गाडी एकाच काट्यावर. नाव टिकवण्यात कोणाला हशील राहिला?

ज्वारीचे तसेच. मंगळवेढ्याची मालदांडी पुण्या-मुंबईत लोक नाव घेऊन मागतात. 2016 साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. भिवापूरची मिरची, वायगावची हळद यांनाही मिळाले. चांगले झाले. पण कायदा वाचा. 1999 च्या त्या कायद्यात असे मानांकन विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही, गहाणही ठेवता येत नाही. गावाचे नाव कोणी एकट्याने विकू नये हे बरोबर. मात्र फरक ध्यानात घ्या. कंपनीचे नाव बँकेला तारण म्हणून चालते. गावाचे नाव कायद्यानेच चालत नाही. त्या नावाचे मोल येणार ते मालाच्या भावातूनच. आणि ते येण्यासाठी पोत्यात खरीच मालदांडी असली पाहिजे.

अमेरिकेच्या शेतकऱ्यांनी काय केले?

अमेरिकेत लांब धाग्याचा पिमा कापूस पिकवणाऱ्यांनी 1954 साली आपली संस्था काढली आणि सुपिमा हे नाव धरले. नाव शेतकऱ्यांच्या संस्थेचे. गिरणीला किंवा कपडेवाल्याला ते लावायचे तर संस्थेचा परवाना घ्यावा लागतो. साध्या कापसाचे शेतकरी कृत्रिम धाग्यापुढे हरू लागले तेव्हा त्यांनी गाठीमागे वर्गणी देऊन 1970 साली कॉटन इन्कॉर्पोरेटेड उभी केली आणि 1973 साली कापसाच्या बोंडाचे चिन्ह कपड्यावर आणले. तिथल्या शेतकऱ्याला सरकारी अनुदानेही भरपूर मिळतात, ती गोष्ट वेगळी. पण नाव त्यांनी आपल्या हाती ठेवले. आपल्याकडे गुजरातच्या दूधवाल्यांनी अमूल हे नाव आपल्याच संघाचे ठेवले, म्हणून पाव लिटरच्या पिशवीवरचे नावही गवळ्याच्या मालकीचे आहे.

भारत सरकारने 2020 साली आपल्या कापसाला 'कस्तुरी' हे नाव दिले. नाव गोड आहे. आम्ही एकच विचारतो: या नावाने गाठीला चार पैसे जास्त मिळाले तर ते वेचणी करणाऱ्याच्या हाती पोचणार कोणत्या वाटेने? ती वाट कागदावर दाखवा. नाही तर कस्तुरी मृगाची आणि वास दुकानदाराचा.

मग करायचे काय?

पहिले, माल. किंगफिशरने शिकवलेला धडा हाच की मागे माल उभा नसला तर हजारो कोटींचे नाव लिलावात फुकट जाते. गावाने शक्य तर एका धाग्याचे वाण लावावे. पहिली वेचणी आणि फरदड एका पोत्यात घालू नये. प्लास्टिकच्या पोत्याचे दोरे कापसात गेले की गिरणी सगळ्या गावाचा भाव पाडते. वेचणीला कापडी झोळी वापरावी. ओला कापूस काट्यावर नेऊ नये.

दुसरे, मालकी. पाच-दहा गावांनी मिळून उत्पादक कंपनी काढली असेल तर तिने आपला मार्का स्वतःच्या नावाने नोंदवावा. जिनवाला, अडत्या किंवा शहरातला भला माणूस "मी नोंदवून देतो" म्हणाला तर त्याला चहा पाजावा आणि अर्ज आपण भरावा. कोणी तो मार्का वापरायला मागितला तर विक्रीच्या किती टक्के, हे आधी लिहून घ्यावे. भाड्याचा हिशेब वर दिलाच आहे.

तिसरे, मोकळा बाजार. नावाने जास्तीचा भाव तेव्हाच टिकतो जेव्हा निर्यातबंदीची कुऱ्हाड डोक्यावर लटकत नसते. त्यासाठीची लढाई संपलेली नाही.

येत्या जिल्हा बैठकीत प्रत्येक तालुक्याने एवढे सांगावे: कोणती गावे एका वाणावर येतील, किती गाठींचा माल वेगळा ठेवता येईल आणि कोणता जिनवाला तो वेगळा दाबून देईल. आकडे घेऊन या. घामाचे दाम मागताना यापुढे नावाचे दामही मागायचे आहेत.