एका प्रतिशब्दाची फरफट

‘सेक्युलर’ या शब्दाला मराठीत निधर्मी, धर्मनिरपेक्ष आणि इहवादी असे प्रतिशब्द लाभले. ‘सर्वधर्मसमभाव’ही त्याच पंक्तीला येऊन बसला. हे भाषेचे वैभव मानण्याचे कारण नाही. राज्याला ‘निधर्मी’ म्हटले की त्यावर धर्मबुडवेपणाचा आरोप ठेवणे सोपे जाते. ‘सर्वधर्मसमभाव’ म्हटले की सर्व धर्मांच्या अधिकाऱ्यांना सारखाच नमस्कार घालणे एवढेच राज्याचे कर्तव्य उरते. जॉर्ज होलिओक यांनी १८५१ साली इंग्लंडात ‘सेक्युलॅरिझम’ हा शब्द घडविला, तो परलोकाऐवजी इहलोकाची चिंता वाहण्यासाठी. त्याला सर्वांत जवळचा असलेला ‘इहवाद’ मात्र आज क्वचितच कोणाच्या तोंडी ऐकू येतो.

घटना समितीत प्रा. के. टी. शहा यांनी १९४८ साली हा शब्द घालण्याची सूचना मांडली, ती फेटाळली गेली. सरनाम्यात तो आला आणीबाणीत, १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आणि व्याख्येवाचून. ‘सर्व धर्मांविषयी समान आदर’ ही व्याख्या १९७८ साली लोकसभेने स्वीकारली. राज्यसभेत ती अडली. मराठी पाठात ‘धर्मनिरपेक्ष’ आहे, तर १९८७ च्या दुरुस्तीने अधिकृत ठरलेल्या हिंदी पाठात ‘पंथनिरपेक्ष’.

‘पंथनिरपेक्ष’वाद्यांचा आक्षेप अगदीच पोकळ नाही. शेजारधर्म, राजधर्म म्हणणाऱ्या भाषेत ‘धर्म’ म्हणजे केवळ उपासना नव्हे. पण कर्तव्य या अर्थाने धर्म हवा म्हणून युक्तिवाद सुरू करायचा आणि तो संपवताना उपासनेच्या अर्थाने एका धर्माला राज्यात मानाचे पान मागायचे, ही हातचलाखी होय. शिवाय त्याच हिंदी पाठात २५ व्या अनुच्छेदातील ‘सेक्युलर’ला ‘लौकिक’ म्हटले आहे. धर्माचरणाशी निगडित अशा आर्थिक, राजकीय व इतर लौकिक व्यवहारांचे नियमन करण्याचा अधिकार तेथे राज्याला दिला आहे. हा अधिकार समान आदरातून निघत नाही. तो इहवादातून निघतो.

हा वाद कोशकारांपुरता नाही. हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, हे त्यांचे मागणे. धर्माविषयी आदर दाखविणाऱ्या राज्याला त्यांच्यासाठी काही करावेसे वाटले नाही. एका दमात उच्चारलेला तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरविला तो २०१७ साली, ५१ वर्षांनी; बहुपत्नीत्वाचा प्रश्न त्या निकालात नव्हताच.