घरातल्या ज्येष्ठांचं ताट आज नीट बघा

साठी ओलांडलेल्या प्रत्येकाला, आणि ज्यांच्या घरी आई-वडील, सासू-सासरे, आजी-आजोबा आहेत त्या सर्वांना ही कळकळीची विनंती आहे.

गेल्या वर्षी एका सकाळी माझी आई न्हाणीघरातल्या स्टुलावरून उठू शकली नाही. ती पडली नव्हती, काही दुखत नव्हतं, बीपी-शुगरही ठीक होती. नळाला धरून तिनं दोनदा जोर लावला आणि मग मला हाक मारली. "पायांत जीवच राहिला नाही बघ," एवढंच म्हणाली.

त्या दिवशी तिचं खाणं मी पहिल्यांदा लिहून काढलं. सकाळी चहा-खारी. दुपारी दीड पोळी, थोडी भाजी, वाटीभर पातळ आमटी. आम्ही सगळे कामावर, म्हणून "एकटीसाठी कुठे उसळ करायची?" चार वाजता चहा-बिस्किटं. रात्री ताकभात, कारण "या वयात हलकंच बरं." हिशेब केला तर दिवसाची प्रथिनं तीस ग्रॅमही भरेनात. ती उपाशी नव्हती, पण तिचे स्नायू उपाशी होते.

स्नायूंची झीज तिशीनंतरच हळूहळू सुरू होते आणि साठीनंतर वेग घेते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. म्हाताऱ्या स्नायूंना थोडक्या प्रथिनांवर भागवता येत नाही, म्हणून वृद्धांच्या पोषणाचे तज्ज्ञ किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सांगतात. म्हणजे ५५ किलो वजनाच्या आईला ५५ ते ६६ ग्रॅम. वय वाढलं की गरज घटते, ही आपली समजूत प्रथिनांच्या बाबतीत उलटी आहे.

त्यात आजारपण आलं की झीज झपाट्यानं होते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात धडधाकट वृद्धांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तर पायांचंच जवळपास एक किलो मांस झडलं. आपल्याकडे तापातून उठलेल्या आजोबांना आठवडाभर पेज आणि साबुदाण्याची खीर देतात. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच.

पण गेलेली ताकद परत येते. १९९४ साली बोस्टनमधल्या एका वृद्धनिवासात सरासरी ८७ वर्षांच्या माणसांकडून दहा आठवडे पायांचे वजनी व्यायाम करून घेतले. त्यांची स्नायूंची ताकद दुपटीहून अधिक झाली, चालण्याचा वेग वाढला. ज्यांना व्यायामाशिवाय नुसतं पूरक पेय दिलं, त्यांना फरक पडला नाही. म्हणून ताट आणि हालचाल, दोन्ही हवीत.

आजपासून एवढं करा.

१. खुर्ची भिंतीला टेकवा, शेजारी उभे राहा. हात छातीशी घेऊन आईला किंवा वडिलांना पाच वेळा उठ-बस करायला सांगा. पंधरा सेकंदांहून जास्त लागले, किंवा हात टेकावे लागले, तर डॉक्टरांना सांगा.

२. तिन्ही वेळच्या खाण्यात प्रथिनं वाढा. एक अंडं, कपभर दूध, वाटीभर घट्ट वरण किंवा मूठभर शेंगदाणे यांतून प्रत्येकी सहा-सात ग्रॅम मिळतात. चहा-खारीऐवजी मुगाचं धिरडं आणि दही द्या. रात्रीच्या भाताबरोबर पिठलं किंवा घट्ट वरण, खात असतील तर मासे.

३. दात नाहीत म्हणून डाळ-उसळ बंद करू नका. मऊ शिजवा, घोटा, शेंगदाण्याचं कूट घाला. कवळी टोचत असेल तर ती आधी दुरुस्त करून घ्या.

४. ब-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. ब-१२ डाळी-भाज्यांत नसतं, आणि मधुमेहावरची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर ते आणखी घटू शकतं. ते कमी पडलं की पायांना मुंग्या येतात, तोल जातो.

५. दर महिन्याला वजन लिहा. प्रयत्न न करता सहा महिन्यांत साठ किलोंचे सत्तावन्न झाले, तर "वयानं होतं" म्हणून सोडू नका.

६. रोज खुर्चीवरून उठ-बस आणि थोडं चालणं. सुरुवात सावकाश, सोबतीनं.

मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच वाढवा.

आणि जमेल तेव्हा त्यांच्याबरोबर जेवायला बसा. एकट्या माणसाच्या ताटातून आधी डाळ जाते, मग भाजी, आणि शेवटी चहा-बिस्किट उरतं.

"हातीपायी धड असताना डोळे मिटावेत" असं आपली माणसं देवाजवळ मागतात. त्या मागण्याचा मोठा वाटा आपल्या स्वयंपाकघरातून पुरा होऊ शकतो. माझी आई आता स्टुलावरून एकटी उठते. त्याला चार महिने लागले. तुमच्या घरात ती हाक ऐकू येईपर्यंत थांबू नका. आज रात्री पानं वाढाल तेव्हा त्यांच्या वाटीतलं वरण घट्ट आहे ना, ते बघा.