डुक्कर मारायची परवानगी आहे, बंदूक मात्र नाही

पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरी धानाची बांधी आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा. नागपूर-पुण्याच्या प्राणीमित्रांनी तर वाचाच.

गडचिरोलीतून अधूनमधून एकच फोटो येतो. टेबलावर चादर, चादरीवर रांगेत मांडलेल्या जुनाट भरमार बंदुका, मागे साहेब लोक आणि कडेला मान खाली घातलेले चार गावकरी. खाली ओळ असते: ग्रामस्थांनी भरमार बंदुका पोलिसांच्या स्वाधीन केल्या. आपण अंगठा दाखवतो, ‘अभिनंदन’ लिहितो आणि पुढं सरकतो. उद्या रात्री धान निसवल्यावर रानडुकरांचा कळप बांधीत शिरला तर त्या चौघांनी काय करायचं, हे कोणी विचारत नाही. मी आज तेच विचारतोय.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. भरमार म्हणजे ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वरून चिंधी, मग छर्रे, परत चिंधी, आणि गजानं ठासायचं. मागं टोपी बसवायची, घोडा ओढायचा. एक बार झाला की संपलं. परत भरेपर्यंत डुक्कर तीन बांध्या ओलांडून गेलेलं असतं. पावसात दारू ओली झाली तर बार उडतच नाही. लांबचा नेम धरायची तर सोयच नाही, जनावर जवळ येऊ द्यावं लागतं.

मग जुन्या लोकांना हीच का आवडायची? फक्त स्वस्त म्हणून? धानोऱ्याकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मला एका वाक्यात सांगितलं, “एकच बार हाय ना भाऊ, मंग पाहूनच मारा लागते.” सगळं यात आलं. एकच बार असला की माणूस घाई करत नाही. वारा कुठून आहे ते बघतो. समोर डुक्कर आहे की शेजाऱ्याची चुकलेली गाय, मागच्या धुऱ्यावर कोणी जागलीला बसलंय का, सगळं बघतो. खात्री नसेल तर बोट घोड्यावर जातच नाही. दुसरी गोळी नाही, म्हणून पहिली जपून वापरली जाते.

ही काही फक्त आपल्या जंगलातल्या गरिबांची गोष्ट नाही. अमेरिकेत दुकानात पाच-दहा गोळ्यांच्या रायफली सहज मिळतात. तिथंही रुगर कंपनीनं १९६०च्या दशकात ‘नंबर वन’ नावाची, एका वेळी एकच गोळी बसणारी रायफल काढली आणि शिकाऱ्यांनी ती आवडीनं घेतली. ऑलिम्पिकमधल्या ५० मीटर रायफलीत प्रत्येक गोळी हातानं एकेक भरावी लागते. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं कांस्यपदक मिळवलं ते याच प्रकारात. एक गोळी, एक श्वास, एक निर्णय. त्याचं कौतुक करताना आपले नेते थकले नाहीत. आणि तोच संयम पिढ्यानपिढ्या अंगात मुरलेला आपला माणूस मात्र बंदूक हातात दिसली की थेट आरोपी!

आता कायदा बघू. कारण ‘कायद्यात बसत नाही’ हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक टेबलावर ऐकायला मिळतं.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम ११. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराला मारायची परवानगी देता येते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची २ मध्ये आहे, तरी ही वाट उघडी आहे. महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये त्यासाठी नियम सोपे केले. शेतकऱ्यानं वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, २४ तासांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं समजायचं. वाचायला किती छान वाटतं! पण मारायचं कशानं? परवान्याच्या बंदुकीनं. आणि परवाना?

शस्त्र अधिनियम १९५९, कलम १३, पोटकलम ३. हे कलम मोबाईलवर उघडून स्वतः वाचा. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाला परवाना द्यावा, असं तिथं लिहिलंय. ठासणीची पुरेशी नसेल तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येईल, हेही लिहिलंय. सार्वजनिक शांततेचं कारण दाखवून अर्ज नाकारायची सोय पुढच्या कलमात आहे, हे मान्य. पण संसदेनं ठासणीच्या बंदुकीचं नाव घेऊन शेतकऱ्याची सोय केली होती, हे आपल्या किती लोकांना माहीत आहे? २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवान्यासाठी सुरक्षा प्रशिक्षणाची अट घातली. अट चांगलीच आहे. पण भामरागडच्या माणसानं हे प्रशिक्षण कुठं घ्यायचं, नागपूरला खोली करून?

म्हणजे एक खातं म्हणतं मारा, दुसरं म्हणतं हत्यार जमा करा. डुकराला दोन्ही कागद वाचता येत नाहीत. ते धान खाऊन जातं.

आणि मग काय होतं? मग शेतात वीज येते.

सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी, कुठंही जाऊन विचारा. लोक तोंडानं कबूल करणार नाहीत, पण सगळ्यांना माहीत असतं. खांबावरून आकडा टाकायचा, धुऱ्याभोवती उघडी तार फिरवायची आणि झोपायला जायचं. ही तार काही बघत नाही. तिला डुक्कर आणि वाघ सारखेच. बैल आणि पहाटे शेतात निघालेला शेजारीही सारखाच. जय वाघाचा बछडा श्रीनिवास आठवतो? गळ्यात रेडिओ कॉलर असलेला तो तरणाबांड वाघ एप्रिल २०१७ मध्ये नागभीडकडे शेतातल्या अशाच विजेच्या तारेनं मेला. आपल्या भागात माणसंही अशीच गेली आहेत, कधी दुसऱ्याच्या तारेला लागून, कधी स्वतःच लावलेल्या. काही जण गावठी बॉम्ब पेरतात. जनावराचा जबडा फाटतो आणि ते दोन-दोन दिवस तडफडत हिंडतं.

जून २०१६ मध्ये केंद्रीय मंत्री मनेका गांधींनी आपल्याच सरकारच्या पर्यावरण मंत्र्यांवर टीका केली होती. चंद्रपुरात ५३ रानडुकरं मारली, याचा त्यांना संताप होता. देशभर बातमी झाली. ती ५३ डुकरं मोजता आली, कारण ती परवानगीनं मारली होती. तारेला चिकटून मेलेल्यांची मोजदाद कुठल्या मंत्र्यानं केली? जे कायद्यानं होतं ते मोजता येतं, तपासता येतं, थांबवताही येतं. जे अंधारात होतं त्याचा पंचनामा वाघ मेल्यावरच होतो.

आता हरकती. त्या खोट्या नाहीत, म्हणून उत्तर देतो.

पहिली, नक्षल. खरं आहे, नक्षल्यांच्या गावपातळीवरच्या लोकांकडे भरमार असायच्या आणि चकमकीनंतरच्या जप्तीत त्या दिसायच्या. पोलिसांनी या जिल्ह्यात जीव दिलेत, त्यांच्या काळजीला मी हसत नाही. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती आणि त्याचे ६० साथीदार गडचिरोलीत शरण आले. सरकारच सांगतं की नक्षलवाद संपत आलाय. संपत आला असेल तर त्याच्या नावानं लावलेली कुलपंही एकेक करून उघडायला नकोत का? आणि मी काही लपवलेल्या बंदुका परत द्या म्हणत नाही. नोंद असलेली, नंबर असलेली, ठाण्याच्या वहीत असलेली बंदूक द्या म्हणतोय.

दुसरी, शिकार. बंदूक दिली की चितळ, सांबर संपेल. ही भीती मलाही आहे. म्हणून स्पष्ट सांगतो, मी शिकारीचा हक्क मागत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानं पारंपरिक हक्क देताना शिकार मुद्दाम वगळली आणि ती वगळलेलीच बरी. जंगलात एक बारही नको. प्रश्न फक्त शेताच्या धुऱ्याच्या आतला आहे. पण एक सांगा, चोरट्या शिकाऱ्याला परवाना लागतो का? त्याच्याकडे तार आहे, फासे आहेत. परवान्याची वाट बघत बसतो तो प्रामाणिक माणूस.

तिसरी, वाघाचं भक्ष्य. डुकरं कमी झाली की वाघ गुरांवर येईल. डुकरं संपवा असं कोण म्हणतंय? एका बारात एक डुक्कर, तेही पिकात शिरलेलं. तार मात्र त्याच रात्री खुद्द वाघालाच खाते.

बाकीचा देश काय करतो बघा. केरळनं २०२२ मध्ये पंचायत अध्यक्षांनाच रानडुक्कर मारायची परवानगी देण्याचा अधिकार दिला. परवानाधारक नेमबाजांकडून मारायचं. वीज, विष, स्फोटकं वापरायची नाहीत, ही अट घातली. कर्नाटकात कोडगूमध्ये तर कोडवा समाजाला आणि जम्मा जमीनधारकांना शस्त्र परवान्यातूनच सूट आहे. इंग्रजांच्या काळापासूनची ही सूट केंद्रानं २०१९ मध्ये आणखी दहा वर्षांसाठी वाढवून दिली. तिथं बंदूक म्हणजे परंपरा आणि आमच्या माडिया माणसाच्या हातात तीच म्हणजे गुन्हा? हा फरक मला कोणीतरी समजावून सांगा. १८५८ ला इंग्रजांनी चांद्याच्या तुरुंगात वीर बाबुराव शेडमाकेंना फाशी दिली आणि वीस वर्षांनी १८७८ चा शस्त्र कायदा आणून देशी माणसाच्या हातातलं हत्यार काढलं. त्यांचा अविश्वास समजू शकतो, ते परके होते. आपलं सरकार कोणाला भितं?

मागण्या चारच आहेत.

एक, पीकसंरक्षणाच्या परवान्याचे अर्ज तहसील पातळीवर घ्या आणि ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्या. नाकारलं तर कारण लिहा.

दोन, बंदूक एका बारचीच. ठासणीची किंवा एकनळी. वैयक्तिक नको वाटत असेल तर गावाला एक-दोन द्या, ग्रामसभेनं माणसं निवडावीत, बंदूक हंगामानंतर ठाण्यात जमा व्हावी. प्रत्येक बाराची नोंद वनरक्षकाकडे.

तीन, दोन्ही जिल्ह्यांत प्रशिक्षणाची आणि नेमबाजीची साधी सोय करा. भद्रावतीच्या आयुध निर्माणीत देशाच्या सैन्यासाठी दारूगोळा तयार होतो, आणि त्याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला बंदूक सुरक्षित कशी धरायची हे शिकवायला जागा नाही? २०१८ मध्ये चंद्रपूरच्या आश्रमशाळांची पोरं एव्हरेस्टवर चढली. त्यांच्या हातात रायफल देऊन बघा, पुढचं पदक कुठून येईल सांगता येत नाही.

चार, जिवंत तारेला माफी नको. पण दुसरा रस्ता दिल्याशिवाय नुसती शिक्षा वाढवून तार निघणार नाही, हेही समजून घ्या.

निवडणुकीत मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न विचारा. आणि पुढच्या वेळी भरमार जमा केल्याचा फोटो आला तर अंगठा दाखवायच्या आधी खाली एवढंच लिहा, “साहेब, आता राखण कशानं करायची?”

तुमच्या गावात परवान्याचा अर्ज कोणी केला असेल तर किती वर्षं झाली आणि काय उत्तर आलं, ते खाली लिहा. नावं नकोत, तालुका आणि साल पुरे. सगळं एकत्र करून जिल्हाधिकाऱ्यांसमोर ठेवतो.